मॅडमच्या नावापुढचा शेरा

आमच्या विभागातल्या एका मॅडमच्या नावापुढे मी 'अनिच्छुक' असं लिहिलं. त्यांना न विचारता लिहिलं. शेजारी कारणही घातलं, 'कौटुंबिक अडचण'. माझं अक्षर चांगलं आहे, जुने विद्यार्थी भेटले की अजून त्याची आठवण काढतात. त्याच अक्षरात मी ते लिहिलं, तळाला सही केली आणि चहा मागवला.

कोल्हापुरातल्या एका जुन्या महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. तेव्हा मी नुकताच विभागप्रमुख झालो होतो. विभागात आम्ही तिघं. मी, या मॅडम, आणि त्यांच्यानंतर दोन वर्षांनी नोकरीला लागलेला माझा एक जुना विद्यार्थी. तो हातकणंगल्याहून रोज ये-जा करायचा. तो मला सर म्हणायचा आणि मी त्याला एकेरी हाक मारायचो. मॅडमना मात्र आम्ही दोघंही अहो-जाहो करायचो. तेवढा मान दिला की आपलं कर्तव्य झालं, असं मला वाटत असावं.

प्राध्यापकाला वरच्या श्रेणीत जायचं असेल तर इतर गोष्टींबरोबर उजळणी वर्ग करावा लागतो. तीन आठवडे परगावी जायचं, तिथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचं, दिवसभर व्याख्यानं ऐकायची आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन यायचं. हे प्रमाणपत्र नसेल तर बाकी कितीही काम केलेलं असो, माणूस आहे त्याच श्रेणीत राहतो. दरवर्षी प्राचार्यांच्या कार्यालयातून प्रत्येक विभागाला एक छापील तक्ता यायचा. नाव, इच्छुक की अनिच्छुक, शेरा, सही. खरं तर ज्याने त्याने आपल्या नावापुढे आपल्या हाताने लिहायचं. आमच्याकडे प्रथा वेगळी होती. सगळं प्रमुखच भरायचे आणि तळाला एकच सही करायचे. माझ्या आधीचे प्रमुख तसंच करत होते. मीही तसंच करू लागलो. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी तक्ता घेऊन शिपाईमामा आले.

"सर, साहेबांनी एकच्या आत मागितलाय."

"मॅडम कुठायत?"

"आज आल्या न्हाईत की. पोरगीला ताप हाय म्हनं. सकाळी फोन आलता."

मॅडमची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले. नवऱ्याचं राजारामपुरीत औषधांचं दुकान, सकाळी उघडलं की रात्रीच बंद व्हायचं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा मला अभिमान होता. प्रमुखाने सहकाऱ्यांच्या घरची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे, असं मी मानायचो. तापाचं ऐकलं आणि मनातल्या मनात मी त्यांचा निर्णय घेऊन टाकला. तीन आठवडे ही बाई घर सोडून कशी जाणार? आपण विचारलं तर बिचारीला नाही म्हणावं लागेल, आणि नाही म्हणताना वाईट वाटेल. त्यापेक्षा न विचारलेलंच बरं.

मोबाईल समोर टेबलावर पडला होता. मी तो उचलला नाही.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की तो शेरा लिहिताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

तेवढ्यात माझा विद्यार्थी तास संपवून आला. तक्ता बघून म्हणाला, "सर, मी जाऊ काय?" त्याचं वाक्य संपायच्या आत मी त्याच्या नावापुढे 'इच्छुक' लिहिलं होतं. त्याला त्या वेळी आठ महिन्यांचा मुलगा होता. त्याच्या बारशाला मी जेवून आलो होतो. घरी कोण बघणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

चार दिवसांनी यादी फलकावर लागली. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, उजळणी वर्गाच्या यादीत माझं नाव दिसंना."

"यंदा आपल्या विभागाला एकच जागा आली ओ मॅडम."

"मग सीनियर मी हाय की."

"पुढच्या वेळी बघू. पोरगीचा ताप उतरला काय?"

"उतरला," म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

एकच जागा आली होती हे खोटं होतं. जागांचा आकडा आम्हाला कुणी कळवलेलाच नव्हता. आधी मी न विचारता लिहिलं होतं, आता ते झाकायला खोटं बोललो. आणि त्यांनी अजून काही विचारू नये म्हणून त्यांच्या मुलीचा ताप मध्ये आणला.

इतर बाबतींतही मी त्यांना असंच 'सांभाळून घ्यायचो'. पहिला तास त्यांना कधी लावला नाही, घरचं आवरून यायला वेळ मिळावा म्हणून. विद्यापीठाच्या समित्या, पेपर काढणं, परगावची चर्चासत्रं ही कामं मी आणि माझा विद्यार्थी वाटून घ्यायचो, मॅडमना कशाला धावपळ म्हणून. त्यांच्या वाट्याला सूत्रसंचालन, रांगोळी स्पर्धेचं परीक्षण, पाहुण्यांचं औक्षण आणि मुलींच्या तक्रारी. ही कामं त्या नेटकी करायच्या. पण श्रेणी ठरवताना असल्या कामांना कुणी विचारत नाही.

आणि त्यांची खरी विद्या कुठे होती? त्यांचं माहेर कुरुंदवाडचं. कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात तिथल्या गाळावर त्यांनी पीएच.डी. केली होती. तीन वर्षं काठाकाठाने हिंडून बरण्यांतून माती गोळा केली होती. पूर ओसरल्यावर कोणत्या शेतात किती बोटं गाळ बसतो, याचे त्यांनी हाताने काढलेले नकाशे विभागाच्या कपाटात होते. एकदा आमच्या महाविद्यालयात नद्यांवर चर्चासत्र झालं. संगमावरचं व्याख्यान माझ्या विद्यार्थ्याने दिलं, मॅडमचे नकाशे पडद्यावर दाखवून. मॅडमनी त्याची ओळख करून दिली. कार्यक्रमपत्रिका मी ठरवली होती.

तो शेरा लिहिल्यानंतरच्या जानेवारीत आम्ही विद्यार्थ्यांची अभ्याससहल संगमावर नेली. मुलांना पाण्याजवळ उभं करून गाळाचे थर मॅडमनी समजावून सांगितले. मी आणि माझा विद्यार्थी मागे उभे राहून हजेरी घेत होतो. दुपारचं जेवण मॅडमच्या माहेरी होतं. बियाणांचं जुनं दुकान आणि त्याच्या मागे घर. चाळीस पोरं ओसरीवर बसली. कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. मॅडमच्या आई स्वतः वाढत होत्या. मॅडम त्यांना अव्वा म्हणायच्या.

वाढता वाढता त्या माझ्यापाशी थांबल्या.

"सर, तुमी मोठं सायब न्हवं? माज्या लेकीला पाठवा की त्या कोर्साला."

मी मान हलवली.

"गेल्या खेपेला मी बॅग भरून बसलेली बघा. तीन आठवडं कोल्हापुरात ऱ्हायचं म्हणून. जावईबापू बी व्हय म्हणालंते. विहीणबाईबी म्हणाल्या, जाऊ दे तिला, आमी बगतो. इतकं सगळं ठरीवलं आन् हिचं नावच आलं न्हाई. एकच जागा हुती म्हणं. खरं हाय काय ओ सर?"

"अव्वा, जेवू दे की त्यांना," मॅडम पलीकडून म्हणाल्या.

"जेवू द्यालीय की. तोंड धरलंय व्हय मी त्यांचं?" मुलं हसली. अव्वा माझ्याकडे बघत उभ्याच होत्या. हातात भाकरीची टोपली.

मी म्हणालो, "चटणी फार छान झालीय."

त्यांनी अजून थोडी वाढली. मी ती सगळी खाल्ली.

म्हणजे त्या घरात मॅडम, त्यांचा नवरा, गुडघे गेलेल्या सासूबाई आणि कुरुंदवाडची आई, अशा चौघांनी बसून जे ठरवलं होतं ते मी एका शब्दाने पुसलं होतं. परतीच्या बसमध्ये मॅडम पुढे मुलींबरोबर बसल्या होत्या. मी ठरवलं, कोल्हापूर आलं की सांगायचं. स्टँडवर उतरलो तेव्हा सगळे घाईत होते. मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तक्ता पुन्हा आला. या वेळी तो कोरा नव्हता. कार्यालयातल्या लिपिकाने काम वाचवण्यासाठी मागच्या वर्षीचीच यादी पुढे ओढली होती. मॅडमच्या नावापुढे 'अनिच्छुक, कौटुंबिक अडचण' हे आता टाइप केलेलं होतं. मी ते वाचलं. न वाचता सही केली असं म्हणण्याची सोय मला नाही. मी नीट वाचलं आणि सही केली. शेरा खोडायचा तर लिपिक विचारणार, का खोडला? मग मागच्या वर्षीचं निघणार. या वर्षी बरोबर लिहायचं म्हणजे गेल्या वर्षी चूक होतं हे कबूल करायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मॅडम दरवर्षी एकदा येऊन विचारायच्या, "सर, यंदा?" मी म्हणायचो, "कळवतो."

चौथ्या वर्षी त्यांनी मला विचारलंच नाही. सरळ प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि तीन आठवडे जाऊन आल्या. अव्वा येऊन राहिल्या असणार. मी विचारलं नाही.

तोवर माझ्या विद्यार्थ्याला वरची श्रेणी मिळून गेली होती.

मग मॅडमची बढतीची समिती बसली. प्राचार्यांच्या खोलीत विद्यापीठाने पाठवलेले तीन ज्येष्ठ प्राध्यापक, त्यांच्यापुढे काजू आणि बिस्किटांच्या बश्या, एका बाजूला प्राचार्य आणि मी. मॅडम समोरच्या खुर्चीत. त्यांची मागणी साधी होती. बाकीच्या सगळ्या अटी त्यांनी तीन वर्षांपूर्वीच पूर्ण केल्या होत्या. उजळणी वर्गाला महाविद्यालयाने पाठवलं नाही म्हणून उशीर झाला. तेव्हा वरची श्रेणी त्या आधीच्या तारखेपासून धरावी.

अध्यक्ष सौम्य गृहस्थ होते. म्हणाले, "कॉलेजनं पाठवलं नाही तर त्यात तुमचा काय दोष? सवलतीचा विचार करता येईल." असं म्हणत त्यांनी फाईलची पानं उलटली, आणि थांबले.

"पण मॅडम, इथं तर तुम्हीच नको म्हटलंय. एकदा नाही, तीन वर्षं."

त्यांनी फाईल फिरवून मॅडमपुढे केली. मॅडम वाकून बघत राहिल्या. वरची दोन पानं टाइप केलेली होती. तिसरं हाताने लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर त्या रोज विभागातल्या फळ्यावर, वेळापत्रकावर, रजिस्टरमध्ये बघत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पुढ्यातल्या फाईलची नाडी बांधू लागलो.

"मी हे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"प्रमुखांची सही आहे ना खाली. प्रमुख काय मनानं लिहितात होय?" दुसरे एक सदस्य म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

अध्यक्षांनी मला रीतसर विचारलं, "विभागप्रमुखांना यावर काही सांगायचं आहे?"

"नाही सर."

मॅडमना वरची श्रेणी मिळाली, पण वर्ग पूर्ण केल्याच्या तारखेपासून. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला माझा विद्यार्थी कागदावर त्यांच्या वर गेला, आणि कायमचा गेला.

मॅडम भांडायला आल्या नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. विभागात माझ्या किटलीतला चहा घेणं बंद केलं. आणि कोणतंही काम सांगितलं की म्हणायला लागल्या, "सर, लेखी द्या." सूत्रसंचालन असो की साधी नोटीस असो, लेखी द्या. प्राध्यापक-कक्षात त्यांना 'लेखी मॅडम' असं नाव पडलं.

"आज लेखी मॅडम आल्या न्हाईत काय?"

"आल्या की. पण हजर हाय असं लेखी दिलं न्हाई अजून."

कधी विषय बढतीवर यायचा. "त्यांनाच नको होतं की ओ. तीन वर्षं नको नको म्हणायचं आणि मग रडायचं." "घरपण पायजे आणि प्रमोशनपण पायजे. जमतंय व्हय?" हे बोलताना लोक माझ्याकडे बघायचे, मी प्रमुख होतो ना. मी पेपर वर धरायचो. एक वाक्य पुरलं असतं. त्या पेपरमागे मी असा किती वेळ बसलो असेन, त्याचा हिशेब मला लागत नाही.

घरी मी हे पुष्कळ उशिरा सांगितलं. बायको मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, "त्यांना विचारलं नव्हतंत?"

"नाही."

"मलाही कुठं विचारलं होतंत," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

माझ्या पीएच.डी.च्या वेळी तिने बी.एड. अर्धवट सोडलं होतं. आमच्या घरात त्याला 'तिने सोडलं' असंच म्हणायची पद्धत आहे.

गेल्या वर्षी मी उपप्राचार्य झालो. विभागप्रमुखपद सेवेच्या क्रमाने मॅडमकडे जायचं होतं. कागदाच्या क्रमाने ते माझ्या विद्यार्थ्याकडे गेलं. माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, भाषणं. सूत्रसंचालन अर्थातच मॅडमकडे, लेखी. माझ्या विद्यार्थ्याने आपलं भाषण मला आधी वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "सरांनी महिला सहकाऱ्यांना नेहमीच सांभाळून घेतलं."

ते वाक्य ऐकून मी ठरवलं की उत्तराच्या भाषणात सगळं सांगून टाकायचं. सभागृहासमोर मॅडमची माफी मागायची. मी ते भाषण लिहिलंही. चांगलं झालं होतं. मग वाटलं, निदान या खेपेला तरी आधी विचारावं.

मॅडम प्रयोगशाळेत नकाशे गुंडाळत होत्या.

"मॅडम, उद्याच्या भाषणात मी त्या यादीचं सांगणार आहे. सगळ्यांसमोर तुमची माफी मागणार आहे."

त्यांनी नकाशाला रबर लावलं. "विचारायला आलाय का सांगायला?"

"विचारायला."

"मग नको."

मला हे अपेक्षित नव्हतं.

"उद्या तुमचा आवाज भरून येईल," त्या म्हणाल्या. "लोक टाळ्या वाजवतील. सर किती मोठ्या मनाचे, म्हणतील. आणि मी बाजूला माईक धरून उभी. मी काय करायचं सर? धन्यवाद म्हणून पुढच्या वक्त्याला बोलवायचं?"

"मग मी काय करू?"

"तुम्ही ते भाषणात केलं नव्हतंत. कागदावर केलंत. ती फाईल अजून ऑफिसात हाय. प्रोफेसरपदासाठी माझी समिती बसंल, तेव्हा तीच पानं पुन्हा उघडतील. त्यांना मी काय सांगू? त्यांनी तुमच्या टाळ्या ऐकलेल्या नसणार."

"लिहून देतो."

"द्या. पण मी वाट बघत बसणार नाही. ती सवय आता गेलीय."

सत्कार झाला. मी शाल घेतली. ते वाक्य बोललं गेलं आणि टाळ्या पडल्या. मॅडमचं सूत्रसंचालन एका शब्दालाही अडखळलं नाही. मी उत्तरादाखल महाविद्यालयाच्या परंपरेवर दहा मिनिटं बोललो.

पत्र मी लिहिलं आणि आधी प्राचार्यांच्या कानावर घातलं. ते कळवळून म्हणाले, "काय ओ सर, कशाला उकरून काढताय? आपल्याच सहीला आपणच खोटं म्हणायचं? चौकशी लागंल. खुर्चीत बसून अजून महिना झाला न्हाई तुम्हाला. मॅडमचं बघू की काहीतरी." ते मला सांभाळून घेत होते. ते मला कळत होतं, आणि बरंही वाटत होतं. दिवाळी गेली, परीक्षा गेल्या. पत्र टेबलाच्या खणात पडून राहिलं. समोर आल्या की मॅडम "नमस्कार सर" म्हणायच्या. पत्राबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

फेब्रुवारीत माझा विद्यार्थी, आता विभागप्रमुख, सहीसाठी तक्ता घेऊन माझ्याकडे आला. विभागात एक तरुण मुलगी नव्याने शिकवायला लागली होती. आता हे वर्ग घरी बसून संगणकावरही करता येतात. तरी तिच्या नावापुढे त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'अनिच्छुक'.

"तिला विचारलंस काय?"

"विचारायचं काय सर त्यात? जूनमध्ये बाळंतपण हाय तिचं. ह्यात कुठं दगदग करणार ती?" तो हसला. अगदी मनापासून, चांगल्या माणसासारखा. "तुमच्याकडनंच शिकलोय की. सांभाळून घ्यायचं."

मी तक्ता त्याला परत दिला. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचं आणि आपली सही करायची. आजपासून कुणीही दुसऱ्याचं भरायचं नाही. तो गोंधळला. "माझं काय चुकलं काय सर?" त्याला काय सांगणार? त्याने माझं बघूनच केलं होतं. अर्ध्या तासाने त्या मुलीने स्वतः येऊन तक्ता दिला. तिच्या नावापुढे तिने लिहिलं होतं, 'इच्छुक'.

मी खणातलं पत्र काढलं आणि प्रयोगशाळेत गेलो. आधी मॅडमना दाखवायचं, मग कार्यालयात द्यायचं. त्यांनी चष्मा लावला आणि विद्यार्थ्याचं जर्नल तपासावं तसं पत्र वाचलं.

"हा शब्द काढा," म्हणाल्या. 'अनवधानाने' या शब्दावर त्यांचं बोट होतं. "अनवधानानं माणूस छत्री विसरतो. तुम्ही विचार करून लिहिलं होतं."

"हो."

"आणि हे काय? 'त्यांची गैरसोय झाली असल्यास.' असल्यास?"

मी खिशातलं पेन काढलं.

"अव्वा गेली दोन वर्षांमागं. शेवटपर्यंत तिला वाटायचं, मीच कुठंतरी अर्ज द्यायला विसरले. मला म्हणायची, तू लहानपणापासनंच धांदरट." त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "मी तिला कधी सांगितलं न्हाई. तुम्हाला वाढलं होतं तिनं."

घंटा झाली. त्या हजेरीपत्रक घेऊन तासाला गेल्या. मी तिथेच त्यांच्या टेबलापाशी बसलो, जुनं पत्र फाडलं आणि कोरा कागद घेतला. तास संपवून त्या परत आल्या तेव्हा माझं लिहून झालं होतं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. बरं झालं असंही म्हणाल्या नाहीत, ठीक आहे असंही नाही. कागद परत दिला. मी कार्यालयात जाऊन त्यावर आवक क्रमांक टाकून घेतला, आणि लिपिकाने तो मॅडमच्या फाईलमध्ये लावेपर्यंत तिथेच उभा राहिलो. समिती त्याचं काय करेल मला माहीत नाही. गेलेली वर्षं त्यातून परत येणार नाहीत, एवढं माहीत आहे. पत्रात मी असं लिहिलं आहे:

"मा. प्राचार्य यांस,

उजळणी वर्गाच्या यादीत मॅडमच्या नावापुढे 'अनिच्छुक, कौटुंबिक अडचण' हा शेरा मी लिहिला. मी त्यांना विचारले नव्हते. त्यांची जाण्याची पूर्ण तयारी होती, आणि ते मला वर्षाच्या आत कळले. तरीही पुढची दोन वर्षे तोच शेरा असलेल्या यादीवर मी वाचून सही केली. जागा एकच आली आहे असे मी त्यांना सांगितले, ते खोटे होते. समितीने मला विचारले तेव्हा मी बोलायला हवे होते. मी बोललो नाही. त्यांच्या बढतीला झालेल्या उशिराला त्या जबाबदार नाहीत, मी आहे. हे पत्र त्यांच्या फाईलमध्ये त्या तीन पानांच्या वर लावावे, आणि यावरून माझी जी चौकशी होईल ती व्हावी.

मॅडम, तुमच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नव्हता. मी तुमचे नुकसान केले आणि ते लपवले. मी तुमची माफी मागतो."